‘निधी नाही’ असं लिहायचं नाही : आमच्या वाचनालयाचा पाच वर्षांचा आराखडा

कळव्यातल्या एका छोट्या वाचनालयाची मी सहकार्यवाह आहे. हे पद मिळालं, कारण त्या वर्षी सर्वसाधारण सभेला मी उशिरा पोचले आणि तोवर बाकी सगळ्यांनी ‘मला जमणार नाही’ म्हणून घेतलं होतं. नोकरी फोर्टला, घर पारसिकनगरच्या बाजूला, आणि हिशेब सोडून वाचनालयाची सगळी लिखापढी माझ्या गळ्यात. २०२४ च्या जून ते डिसेंबरमध्ये आम्ही तीसेक माणसांना एकत्र बसवून वाचनालयाचा पाच वर्षांचा आराखडा केला. आधी केलेलं कुणी भेटलं असतं तर माझ्या दोन-तीन रात्रीची झोप वाचली असती. म्हणून हे लिहितेय.

निमित्त पैशांचं होतं. आमच्या एक जुन्या वाचक वारल्या आणि त्यांच्या मुलीने आईच्या नावाने तीन लाख रुपये द्यायची इच्छा कळवली. १६ जूनच्या रविवारी कार्यकारिणीच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. सभासद एके काळी ६४०, त्या वेळी २१२. सरकारी अनुदान दोन हप्त्यांत येतं, आणि दुसरा हप्ता येईपर्यंत ग्रंथपालताईंचं मानधन कधी कुणाच्या खिशातून, कधी ठेव मोडून. अशात तीन लाख! पण पत्राच्या शेवटी एक ओळ होती : पुढच्या पाच वर्षांत वाचनालय काय करणार आहे, ते लिहून द्यावं.

अध्यक्षकाकांनी ते एका रात्रीत लिहिलं. दोन पानं, सुंदर अक्षर. स्वतःची तीन मजली इमारत, डिजिटल ग्रंथालय, वसंत व्याख्यानमाला, बालविभाग. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, मग खाडीच्या अलीकडे आपण का नाही, असा शेवट. मी टाइप करून पाठवलं. देणगीदार बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज अगदी साधा होता. “छान आहे. पण हे ठरवलं कुणी? ग्रंथपालांना विचारलंत का? तिथे अभ्यासाला येणाऱ्या मुलांना?”

मी ‘हो, म्हणजे, विचारतोच आहोत’ असं काहीतरी पुटपुटले. फोन ठेवल्यावर घाम फुटला.

खरं तर आम्ही २०१९ मध्ये एकदा ‘स्वॉट’ केलं होतं. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके, असे चार चौकोन. ती फाइल शोधून काढली. उणिवांच्या चौकोनात पहिलं वाक्य ‘निधी नाही’, दुसरं ‘तरुण वाचक नाहीत’, तिसरं ‘जागा नाही’. त्याखाली सह्या, मग चहाचं बिल. त्या कागदाने पुढे काहीच झालं नव्हतं आणि का झालं नव्हतं, हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

सगळ्यांना एकत्र बसवूनच आराखडा करायचा ठरलं आणि जुलै सगळा त्याच्या तयारीत गेला. आधी एका व्यावसायिक सल्लागाराला विचारलं. एका दिवसाचे ४५ हजार, वर जीएसटी. मी नम्रपणे आभार मानले. मग पुण्याची माझी कॉलेजातली मैत्रीण आठवली. ती पंचवीस वर्षं गावागावांत बचतगटांची आणि पाणी समित्यांची प्रशिक्षणं घेतेय. म्हणाली, “पहिल्या दिवशी मी येते. गाडीभाडं आणि जेवण दे. दुसऱ्या दिवशी तुझं तू घ्यायचं.”

तिची पद्धत चार पायऱ्यांची. आधी चित्र : पाच वर्षांनी इथे डोळ्यांना काय दिसायला हवं. मग अडथळे : आज ते का दिसत नाही. मग दिशा : अडथळे हलवायला काय काय करता येईल. शेवटी पहिल्या नव्वद दिवसांचं काम, माणसाच्या नावासकट. ही मांडणी इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरल अफेअर्स या संस्थेची. हे लोक १९७५ च्या सुमारास आपल्या दौलताबादजवळच्या माळीवाड्यात राहून गावकऱ्यांबरोबर काम करत होते. मला ते ऐकून धीर आला. माळीवाड्यात जमलं तर कळव्यात जमेल.

तिने पहिलं काम दिलं ते फोनचं. सभासदत्व सोडलेल्या लोकांना फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : का सोडलंत? ‘परत या’ म्हणायचं नाही, आपली बाजू मांडायची नाही, फक्त लिहून घ्यायचं. मी आणि अभ्यासिकेतला एक मुलगा, दोघांनी मिळून आठवडाभरात २२ जणांना फोन केले. तीन जणांना वाटलं आम्ही थकीत वर्गणी मागतोय. दोघं गाव सोडून बदलापूरला गेले होते. एक गृहस्थ म्हणाले, मोबाइलवर वाचतो. पण नऊ जणांनी, वेगवेगळ्या शब्दांत, एकच गोष्ट सांगितली. हॉस्पिटलमधल्या एका सिस्टरचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय : “ताई, तुमचं शटर मी कधी वर पाहिलेलंच नाही.”

आमची वेळ तेव्हा संध्याकाळी ५ ते ८. कळव्याला फक्त स्लो गाड्या थांबतात. व्हीटीहून साडेसहा-सातला निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत आठ वाजून जातात. मी स्वतः सव्वाआठ-साडेआठला उतरते. अकरा वर्षं मी त्या बंद शटरसमोरून घरी जातेय, आणि मला ते कधी खटकलं नाही, कारण मी कार्यकारिणीत. माझी पुस्तकं ताई शेजारच्या मुलाबरोबर घरी पाठवतात. डायरीत हे लिहिताना फार ओशाळल्यासारखं झालं.

दुसरं काम बोलावणं. कार्यकारिणीने यादी केली ती २४ जणांची, त्यात २० जण साठीच्या पुढचे आणि १५ जण एकमेकांचे व्याही-शेजारी. मैत्रिणीने फोनवर ती ऐकली आणि विचारलं, “रोज झाडू मारतं कोण?” मदतनीस मावशी यादीत नव्हत्या. ग्रंथपालताईही नव्हत्या, कारण ‘त्या तर असतीलच’. शेवटी ३१ जणांना बोलावलं : कार्यकारिणी, नियमित वाचक, अभ्यासिकेतली चार मुलं, सोडून गेलेले तीन जण, ज्या सोसायटीच्या तळमजल्यावर आम्ही आहोत तिचे दोन प्रतिनिधी, ताई, मावशी. अध्यक्षकाकांना माजी नगरसेवकांना दीपप्रज्वलनाला बोलवायचं होतं. मी सांगितलं, समई ठेवू, पण भाषण नको. यावर दोन दिवस अबोला झाला.

तारीख ठरली ४ ऑगस्ट. सोसायटीचा हॉल त्या दिवशी एका बारशाला गेला. मग ११ आणि १८. (हॉल बुक करताना पावती घ्या. ‘तुमचंच आहे हो’ ही पावती नव्हे.)

भिंतीला कार्डं चिकटवायची, तर सोसायटीने रंगावर टेप लावायला मनाई केली. मावशींनी माळ्यावरून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक जुना फ्लेक्स काढला, बारा बाय आठचा. उलटा टांगला तर पाठ पांढरीशुभ्र. त्यावर डबल टेपच्या पट्ट्या. दोन्ही रविवार एक पुढारी भिंतीकडे तोंड करून हसत होते आणि आमचं भविष्य त्यांच्या पाठीवर चिकटत होतं.

११ तारखेला साडेनऊची वेळ दिली होती. सव्वादहाला २७ जण जमले. उपमा आणि चहा आधीच ठेवला होता, ते बरं झालं. वेळेवर आलेल्यांना काहीतरी मिळालं. खुर्च्या अर्धगोलात, टेबल नाही, माइक नाही. माइक नसल्यामुळे दोन संभाव्य भाषणं जागीच टळली.

मैत्रिणीने प्रश्न फळ्यावर लिहिला : ‘ऑगस्ट २०२९ मध्ये तुम्ही वाचनालयात शिरलात. काय दिसतंय?’ काय व्हायला पाहिजे ते नको, काय दिसतंय ते. आधी प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, वहीत लिहायचं. मग दोघा-दोघांनी मिळून पाच निवडायचे आणि जाड मार्करने कार्डावर उतरवायचे. एका कार्डावर एकच गोष्ट, जास्तीत जास्त सहा शब्द, शेवटच्या खुर्चीवरून वाचता येईल एवढं अक्षर. साध्या मराठी माणसाला सहा शब्दांत थांबवणं किती अवघड, ते तिथे कळलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चार कार्डं जोडून एक वाक्य केलं होतं.

कार्डं भिंतीवर लागायला लागली. ‘रात्री नऊला दिवे चालू’. ‘लहान मुलं जमिनीवर लोळून वाचतायत’. ‘प्रत्येक टेबलाला चार्जिंग पॉइंट’. ‘मागितलेलं पुस्तक महिन्यात हजर’. एका आजींनी जोडीदाराला कार्ड लिहूच दिलं नाही. स्वतः लिहिलं, मार्कर दोन्ही हातांनी धरून : ‘मी पायऱ्या चढून आले’. आमच्या दाराला चार पायऱ्या आहेत, तेव्हा कठडा नव्हता. तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच होती. रोज जाणाऱ्याच्या पायाला ती सवयीने कळायची. आजी दोन वर्षं पहिल्या पायरीवर उभं राहून पुस्तक बदलून घेत होत्या आणि ताई बाहेर येऊन यादी वाचून दाखवत होत्या. हॉलमधल्या निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं. आजी म्हणाल्या, “त्यात सांगायचं काय?”

सारखी कार्डं एकाखाली एक लावून गटाला नाव द्यायचं, यात तास गेला. इथे घाई करू नका. ‘सुविधा’ हे नाव तिघांनी सुचवलं आणि मैत्रिणीने तिन्ही वेळा परत केलं. ‘सुविधा म्हटलं की सगळं मावतं, मग काहीच दिसत नाही.’ शेवटी नाव पडलं : ‘आजींपासून नर्सपर्यंत कुणालाही शिरता येणारं दार’. मोजून सहा शब्द, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

जेवणात मसालेभात, मठ्ठा, जिलबी. श्रावण असल्याने प्रश्न सोपा होता. पण जिलबी दुपारच्या सत्राआधी देऊ नये, हा माझा सल्ला. चार वाजता द्यावी.

दुपारी अडथळे. मैत्रिणीने एकच अट घातली : कार्डावर ‘नाही’, ‘अभाव’, ‘कमतरता’ यांपैकी काही आलं तर कार्ड परत. पहिल्या फेरीत १९ कार्डं आली. ११ कार्डांवर ‘निधी नाही’. तिने अकराच्या अकरा परत वाटली.

अध्यक्षकाका उसळले. “जे नाही ते नाहीच लिहिणार ना? खोटं लिहू?”

ती म्हणाली, “काका, नाही ते दिसत नाही. दिसत नाही त्याला हलवणार कसं? दारात दगड असेल तर ‘रस्ता नाही’ म्हणायचं की ‘दगड आहे’ म्हणायचं?”

हॉल गप्प झाला. पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, संपलं, आता लोक उठून जाणार. तेव्हा ग्रंथपालताईंनी, ज्यांनी सकाळपासून एक अक्षर लिहिलं नव्हतं, एक कार्ड पुढे केलं : ‘दार ५ ला उघडतं, ८ ला बंद होतं’. मग मुलांकडून आलं : ‘पुस्तकांची यादी तीनच माणसं ठरवतात’. खजिनदारांकडून : ‘देणगी मागायची आम्हाला लाज वाटते’. मी लिहिलं, ‘ठरावात कुणी करायचं ते लिहिलं जात नाही’. परत आलं. नियम म्हणजे नियम. बदलून लिहिलं : ‘ठराव नावाशिवाय पास होतात’. लिहिल्यावर जाणवलं की दुसरं वाक्य जास्त बोचतं, आणि इतिवृत्त तर मीच लिहिते. अजून एक खजिनदारांचंच : ‘शेड्यूल वनवर दोन दिवंगत विश्वस्त’. (शेड्यूल वन म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा, ज्यावर विश्वस्तांची नावं असतात.) यावर जरा हशा झाला, पण तो अडथळा पुढे सगळ्यांत चिवट निघाला.

मग मावशींनी शेजारच्या मुलाकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं : ‘सगळ्या चाव्या एका माणसाकडे’.

चाव्या अध्यक्षकाकांकडे असायच्या. शटरची, कपाटांची, दानपेटीची. ते घरून येईपर्यंत ताई आणि मावशी पायरीवर बसलेल्या मी पाहिल्या आहेत. काका काही बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि गेले. चार वाजले होते.

बाकीचं सत्र आम्ही पुरं केलं, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सोमवारी ऑफिसातून उतरून थेट त्यांच्याकडे गेले. काकूंनी पोहे केले. काकांनी कपाटातून एक लांब हिशेबाची वही काढली. पूर्वी काका आणि त्यांचे एक मित्र सायकलवरून घरोघर पुस्तकं पोचवायचे, त्याची नोंद : तारीख, बिऱ्हाड, पुस्तकाचा क्रमांक, परत कधी. पान उलटत उलटत एका पानावर थांबले. शाई फुटलेली. एका रात्री कपाट फोडून विश्वकोशाचे खंड गेले होते. तेव्हापासून चाव्या त्यांच्याकडे. “मी काही सत्ता गाजवायला नाही ठेवल्या.” मी म्हटलं, “काका, कार्डावर तुमचं नाव कुठे आहे? चाव्यांचं आहे.” ते म्हणाले, “ते एकच आहे.” यावर मला उत्तर सुचलं नाही. पोहे खाऊन आले.

त्याच रात्री भिंतीचे फोटो पाहून सगळं टाइप केलं. कार्डं काढण्याआधी प्रत्येक गटाचा जवळून फोटो घ्या, दोन मोबाइलवर. आणि टाइप करताना भाषा सुधारायचा मोह आवरा. मी ‘लोळून वाचतायत’चं ‘आरामदायी वाचन कोपरा’ केलं होतं. ताईंनी ते परत बदलायला लावलं.

१८ तारखेला, राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, १९ जण आले. काकाही आले, शेवटच्या रांगेत बसले. सत्र मला घ्यायचं होतं. चालवणाऱ्याने स्वतःचं मत मांडायचं नसतं. बोलायचंच असेल तर मार्कर खाली ठेवून, खुर्चीत बसून, इतरांसारखं. अडीच तासांत मी चार वेळा मार्कर खाली ठेवला, म्हणजे चार वेळा नियम पाळला आणि चाळीस वेळा जीभ चावली.

सुचलेल्या गोष्टी झाल्या ३४. त्यातून निवडायच्या कशा? परदेशी पद्धतीत गोल स्टिकर देतात. आम्ही टिकल्यांची पाकिटं आणली, दहा रुपयांना एक. प्रत्येकाला पाच टिकल्या, आवडेल तिथे लावा. एका काकांनी पाचही टिकल्या व्याख्यानमालेवर लावल्या. मग एका कार्डावर एका माणसाच्या दोनच, असा नियम मध्येच करावा लागला. हा नियम आधी सांगा. काही पुरुषांना टिकली बोटावर घेताना संकोच वाटत होता. मुलांनी एक टिकली फ्लेक्सच्या मागच्या पुढाऱ्याला लावून घेतली, ते मला नंतर समजलं.

संध्याकाळच्या वेळेला सर्वांत जास्त टिकल्या पडल्या, मग कठड्याला, मग वाचकांच्या मागणीवहीतून खरेदीला, मग कागदपत्रं नीट करण्याला. स्वतःच्या इमारतीला दोन. एक काकांची होती. दुसरी कुणाची ते आजही माहीत नाही. मोबाइल ॲपला शून्य, हे पाहून सुचवणाऱ्या मुलानेच कार्ड काढून खिशात घातलं.

शेवटच्या तासात नव्वद दिवसांचा तक्ता : काम, माणूस, तारीख, खर्च. ‘सर्वांनी मिळून’ असं नाव चालणार नाही, हे मात्र मी ठामपणे सांगितलं.

दोन्ही दिवसांचा खर्च असा झाला : हॉल ३,०००, जेवण २८ ताटं १४० प्रमाणे ३,९२०, चहा-नाश्ता १,९८०, कार्डं-मार्कर-टेप-टिकल्या ८६०, छपाई ६४०, मैत्रिणीचा प्रवास १,०००. एकूण ११,४००. यातले चार हजार खजिनदारांनी स्वतः दिले आणि ‘लाज वाटते’ हे कार्ड आपल्यापुरतं काढून टाका म्हणाले.

इथपर्यंतचं सगळं कार्यशाळेचं. आता जे सांगते ते कमी रंजक, पण त्यातच जास्त दिवस गेले.

वेळ बदलणं म्हणजे पाटीवरचा आकडा बदलणं नव्हे. आम्ही १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता असलेलं, अनुदानित वाचनालय. अनुदानाचे नियम १९७० चे. आधी आमच्या वर्गाला ठरवून दिलेले किमान तास कमी होत नाहीत ना, ते तपासलं. मग कार्यकारिणीचा ठराव, मग जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला पत्र, पोच घेऊन. पण खरी अडचण निघाली ताईंची. त्या डोंबिवलीला राहतात. नऊला बंद केलं तर घरी पोचायला दहा. कार्डं लावताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आणि त्याही बोलल्या नव्हत्या. शेवटी मंगळवार, गुरुवार, शनिवार ६ ते ९ आणि बाकीचे दिवस पूर्वीसारखे. त्या तीन दिवशी शेवटचा अर्धा तास आमच्यापैकी एकाने बसायचं आणि ताईंनी साडेआठला निघायचं. मानधनात महिना दीड हजार वाढ.

२२ सप्टेंबरला वार्षिक सभा. आमच्या घटनेप्रमाणे पंधरा दिवस आधी नोटीस लागते, म्हणजे ती गणपतीच्या दिवसांत वाटावी लागली. मोदकाच्या ताटाबरोबर नोटीस घेणारे सभासद मी प्रथमच पाहिले. आराखडा मंजूर झाला. काकांनी अध्यक्ष म्हणून मांडला, चांगला मांडला, आणि इमारतीबद्दल दोन वाक्यं बोललेच.

कठड्यासाठी सोसायटीचं ना हरकत पत्र लागलं. सोसायटीचे दोन्ही प्रतिनिधी आमच्या कार्यशाळेत जिलबी खाऊन गेलेले, तरी पत्र मिळायला सात आठवडे लागले, कारण त्यांच्या समितीची बैठकच होत नव्हती. कठड्याला आणि तिसऱ्या पायरीच्या दुरुस्तीला १४,५०० रुपये लागले. फॅब्रिकेटरने सांगितलेली तारीख दोनदा हुकली.

शेड्यूल वनचं प्रकरण अजून चालू आहे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा, हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम २२. आमचे मागचे दोन बदल कळवलेच गेले नव्हते. देणगीदार बाईंच्या सीएने ८०जीचं, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारं, प्रमाणपत्र आणि शेड्यूल वनची प्रत मागितली तेव्हा ती दोन नावं पुन्हा समोर आली. विलंब माफीचे अर्ज, मृत्यूचे दाखले, जुन्या सभांची इतिवृत्तं, नोटिशीच्या प्रती. वकिलांची फी ६,०००. एक दाखला मिळवायला त्या विश्वस्तांच्या मुलाला साताऱ्याहून यावं लागलं. तुमच्या संस्थेत असा काही आराखडा करायचा विचार असेल, तर कार्डं-मार्कर आणण्याआधी शेड्यूल वनची ताजी नक्कल काढून बघा. एवढं एक काम तरी आधी कराच.

तक्त्यातले नव्वद दिवस आम्ही सप्टेंबरपासून धरले, ते संपले ३० नोव्हेंबरला. मध्ये गणपती, नवरात्र, दिवाळी आणि २० नोव्हेंबरची विधानसभेची निवडणूक. आमची निम्मी तरुण मंडळी कुठल्या ना कुठल्या प्रचारात. तक्त्यातली अकरा कामं होती. सहा झाली, तीन अर्धी, दोनांना हातही लागला नाही. आता वाटतं, ऑगस्टमध्ये तीन महिन्यांचा तक्ता करणं हाच वेडेपणा. जानेवारीत करायला हवा होता.

१ डिसेंबरच्या रविवारी आढावा घेतला. त्याच फ्लेक्सवर. सोडून गेलेल्यांपैकी २६ जण परत सभासद झाले होते, त्यात त्या सिस्टरही. मागणीवहीत ५८ पुस्तकांची नावं, त्यातली १९ आणली. आजी कठडा धरून आत आल्या आणि म्हणाल्या, पंखा फार जोरात आहे.

देणगीदार बाईंना आराखडा सप्टेंबरअखेरच पाठवला होता. त्यांनी नऊ पानं वाचली आणि एकच प्रश्न विचारला : “ग्रंथपालांची दीड हजारांची वाढ दुसऱ्या वर्षी कुठून देणार?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. तसंच कळवलं. त्यांनी दीड लाखाचा चेक पाठवला आणि उरलेले दीड लाख या उत्तरानंतर, असं लिहिलं. त्यासाठी मार्चमध्ये पुन्हा बसायचंय, या वेळी अर्धाच दिवस आणि विषय एकच.

काकांनी शटरची दुसरी चावी ऑक्टोबरमध्ये ताईंना दिली, सही घेऊन. गोदरेजच्या कपाटाची अजून त्यांच्याकडेच आहे. उरलेल्या टिकल्यांचं पाकीट मी त्याच कपाटात ठेवलंय, त्यामुळे मार्चच्या बैठकीला त्यांना वेळेवर यावं लागेल.